एकदाच विचारणार

आमच्या मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा चारकोपच्या आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या आयांनी मुलांना क्लासला घातलं होतं. धड नाक पुसता न येणाऱ्या मुलांचा क्लास! तिथे त्यांना दारात उभं राहून 'मे आय कम इन' म्हणायला शिकवतात हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. मी नवऱ्याला म्हटलं, "मी घरी शिकवणार. बघतेच कशी येत नाही ते." नवरा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छापखान्यात मशीन चालवतो. दिवसभर त्या खडखडाटात राहिल्यामुळे घरी आल्यावर तो कोणाशी वाद घालत नाही. "शिकव ना," तो म्हणाला, "तुला कोण अडवणार?"

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मालाडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर माझी सकाळची पाळी असते. उपाशीपोटी आलेली, सुईला घाबरलेली आणि रिपोर्टसाठी तावातावाने भांडणारी माणसं मी रोज हाताळते. त्यामुळे एका लहान मुलीला शाळेसाठी तयार करणं मला फार मोठं काम वाटलं नाही. दुपारी घरी यायचं, चार घास पोटात ढकलायचे की आमचा वर्ग सुरू.

वर्ग म्हणजे स्वयंपाकघरातली लादी. मैत्रिणीने पाठवलेल्या व्हिडिओंत लाकडी मणी, रंगीत ठोकळे, बाहेरून मागवलेलं कायकाय होतं. आमच्याकडे कपड्यांचे चिमटे होते, तेवढे पुरले. बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल धरता येत नाही, म्हणून ती बाबांचे मोजे जोड्या लावून दोरीवर चिमट्यांनी टांगायची. परातीत रवा पसरून त्यात बोटाने उभी रेघ, आडवी रेघ, गोल. कुळीथ आणि चवळी मिसळून पुन्हा वेगळे करायचे. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात न सांडता पाणी ओतायचं. हे ओतणं तिला इतकं आवडलं की एकदा तिने माझा चहाही असाच इकडून तिकडे केला आणि निम्मा लादीला पाजला. घावन गोल, पापड गोल, शंकरपाळी चौकोनी की तिरकी यावर आमचे वाद व्हायचे. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता, पण त्याची गरज तिला फार लागली नाही. पोरगी चटपटीत होती आणि मला त्याची घमेंड होती.

सासूबाई ओट्याशी उभ्या राहून हे सगळं बघायच्या. त्या मालवणजवळच्या गावातल्या. गिरणी कामगाराची बायको म्हणून परळच्या एका खोलीत आल्या, गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या या बैठ्या घरात आल्या, सासरे गेल्यावरही इथेच राहिल्या. "घराची शाळा केलंस," त्या मला म्हणायच्या, "आता शाळेत जाऊन ता काय करतला?" पण म्हणता म्हणता खाली बसायच्या आणि नातीसमोर सुपात सुका जवळा ठेवून त्यातला कचरा वेचायला शिकवायच्या. माझ्या कुळथापेक्षा ते अवघड काम होतं आणि ती ते जास्त मन लावून करायची.

आमच्यात न बोलता वाटणी झाली होती. अक्षरं, आकडे, रंग माझ्याकडे. वळण त्यांच्याकडे. वळण म्हणजे मोठ्यांच्या पाया पडायचं, ताटावरून उठायचं नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुसऱ्याच्या घरी हावरेपणा करायचा नाही. "कोणी काय दिल्यान तर आधी 'नको' म्हणायचा," त्या तिला मांडीवर घेऊन सांगायच्या. "परत दिल्यान तरी 'नको'. तिसऱ्यांदा दिल्यान तर आईकडे बघायचा. आई मान हलवतली, मगे घ्यायचा." शेजारच्या काकूंनी लाडू पुढे केला की आमचं हे नाटक इतकं सुरेख वठायचं की काकू म्हणायच्या, "काय गुणी पोर आहे गं तुझी!" मलाही छान वाटायचं. मीही तशीच वाढले होते. लाडू नको नको म्हणत घ्यायचा असतो, हे आमच्याकडे कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

स्वतः सासूबाई तर या शास्त्रातल्या पंडित. सकाळपासून त्यांचं एकच चालायचं. मुलाला "तुका काय व्हया रे?", मला "तुका काय व्हया गो?", नातीला "माझ्या बायेक काय व्हया?" आणि त्यांना कोणी काही विचारलं की "माका नको." ताटात मासळी असली तर त्यांच्या वाट्याला डोकं आणि शेपटी. "माका डोकाच आवडता," म्हणायच्या. आम्ही ते खरं मानून चाललो होतो.

शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तिथे मुलाखत म्हणायचं नाही, 'भेट' म्हणायचं. आम्ही दोघं मागच्या भिंतीला लागून बालवाडीच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, मुलीशी मराठीतच बोलत होत्या. त्यांनी ठोकळ्यांची टोपली पुढे केली. "खेळायचंय?"

"नको."

"बरं. हे खडू बघ. चित्र काढतेस?"

"नको."

मी खुर्चीत चुळबुळायला लागले. घरी खडू हातात आला की ही भिंत सोडत नाही, फ्रीज सोडत नाही, एकदा तर झोपलेल्या बापाचा पाय रंगवला होता. बाईंनी गोष्टीचं पुस्तक दाखवलं, बिस्कीट दिलं, पाणी विचारलं. प्रत्येक वेळी तेच, गोड आवाजात, मान जराशी खाली घालून. बाई प्रत्येक वेळी "बरं" म्हणायच्या आणि वस्तू बाजूला ठेवायच्या. शेवटी त्यांनी विचारलं, "शूला जायचंय का?" तिने त्यालाही "नको" म्हटलं. थोड्या वेळाने तिच्या खुर्चीखाली ओल पसरली. ती उठली नाही, रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

कोणी ओरडलं नाही. मावशींनी पुसून घेतलं, मी पिशवीतला दुसरा फ्रॉक घातला. बाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला येत असेल सगळं, मी नाही म्हणत नाही. पण वर्गात मला एवढी मुलं सांभाळायची असतात. तिला काय हवंय हे तिनेच सांगितलं पाहिजे. तहान लागली, शू लागली, कोणी ढकललं, निदान एवढं तरी. एक वर्ष थांबूया का?" माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "बरं, मे महिन्यात परत आणा. तेव्हा बघू. तेव्हाही असंच झालं तर मात्र पुढच्या वर्षी."

परत येताना ती बाबांच्या खांद्यावर होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मला लाल खडू हवा होता."

"मग घेतला का नाहीस?" मी जरा रागानेच विचारलं.

"मिसनी परत विचारलंच नाही." आणि आता ती रडायला लागली. "बिस्कीटपण परत नाही विचारलं. आणि तू मान नाही हलवलीस."

मी रस्त्यातच उभी राहिले. सगळी तयारी केली आणि मुसळ केरात. ती बिचारी शिकवलेलं तंतोतंत करत होती. पहिला नकार देऊन दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होती, खुर्ची ओली झाल्यावरही माझ्या मानेकडे डोळे लावून बसली होती. वर्षाचं मला फार वाटलं नाही. लोकांना काय, तोंडं आहेत, बोलतील. पण तहानेने घसा कोरडा पडलेली, पोट दाबून बसलेली, आणि कोणीतरी पुन्हा विचारेल म्हणून थांबलेली माझी मुलगी मला दिसायला लागली. शाळेतच काय, जन्मभर. जगात दुसऱ्यांदा कोण विचारतं? घरी पोचेपर्यंत माझा हट्ट पक्का झाला होता.

त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं, "आजपासून या घरात कोणीही कोणालाही एकदाच विचारणार. हवं तर 'हवं' म्हणायचं. 'नको' म्हटलं तर नको. परत विचारणं बंद."

नवऱ्याने मान डोलावली. सासूबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "एकदा इचारून गप बसायचा? ह्या काय हाटेल हा?"

"तिच्या शाळेसाठी आहे, आई."

"आमची पोरां शाळेत गेली नाय? तेंका कोणी शिकवलान नाय, ती काय उपाशी मेली?" त्या खरंच दुखावल्या होत्या. मी त्यांच्या खात्यात हात घातला होता आणि ते त्यांना कळलं होतं.

पहिले काही दिवस भयंकर गेले. मी विचारायची, "दूध हवं?" ती सवयीने "नको" म्हणायची. मी पेला उचलून आत न्यायची. तिचे ओठ थरथरायला लागायचे. मी पाठ फिरवायची, कारण तोंड दाखवलं असतं तर हरले असते. मी लॅबमध्ये गेले की सासूबाई तिला तीनदा विचारून भरवायच्या, हे मला माहीत होतं. पालथ्या घड्यावर पाणी. मी दुपारी येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चिमटे आता मी स्वतःहून देत नव्हते, मागितले तर मिळत. रवा हवा, परात हवी, खडू हवा, सगळं मागायचं. वर्ग तोच होता, फक्त सामान माझ्या मांडीवर असायचं. घरात मागायला ती हळूहळू शिकलीही. घोडं अडलं ते बाहेरच्या माणसांपाशी.

एका रविवारी आम्ही सगळे जुहूला गेलो. मी आधीच सांगून ठेवलं होतं, "बर्फाचा गोळा हवा असेल तर तू जाऊन काकांकडे मागायचास. मी तुझ्या मागेच उभी राहीन, पण बोलणार नाही." ती गेली. गाडीच्या कडेला तिचा हात जेमतेम पोचत होता. गोळेवाला खाली वाकून म्हणाला, "क्या चाहिए बेटा? कालाखट्टा?"

ती मान खाली घालून म्हणाली, "नको."

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती उभीच. लोक येत होते, गोळे घेऊन जात होते. नवऱ्याने खिशात हात घातला. मी त्याचं मनगट धरलं. "आई," ती म्हणाली. मी आकाशाकडे बघत उभी राहिले. आम्ही गोळा न घेता परत फिरलो आणि ती वाळूतून हुंदके देत चालत राहिली. सासूबाईंनी तिला कडेवर उचललं, त्यांच्या गुडघ्यांची अवस्था काय ते माहीत असूनही. "दगड आसा तुझी आवस, दगड," त्या तिला म्हणत होत्या, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मला त्या क्षणी स्वतःचा राग आला, त्यांचा आला, त्या गोळेवाल्याचाही आला. पण मी मागे वळून गोळा आणला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मटार घेऊन बसले तर सासूबाई समोर येऊन बसल्या. आदल्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या, पण मटारकडे बघत. "मी लहान होतंय तेव्हा शेजारणीकडे गेलंय की ती भाकरी पुढे करी. आवस माका सांगी, 'नको' म्हण. कित्याक? तिच्या डब्यात किती आसत ता आपणाक ठावक नाय. कदाचित तेवढीच एक आसात. आपण 'नको' म्हटला की तिची अब्रू ऱ्हवता. खरांच आसली तर ती परत देतली. म्हणान तीनदा इचारूचा."

मला हे माहीत नव्हतं. मी ते नुसतं वळण समजत होते, त्यात इतकी माया असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, हे चांगलंच आहे. मी ते पुसून टाकत नाहीये. पण शाळेत खडू भरपूर आहेत. तिथे हिच्या 'नको'ने कोणाची अब्रू वाचत नाही. आणि हिला तहान लागते."

त्यांनी हातातली शेंग सोलली. मग उठल्या, बिस्किटांचा डबा काढला आणि नातीसमोर उघडला. तळाशी एकच बिस्कीट होतं. "ह्या बघ. डब्यात एकच आसा. ह्या कोणी दिल्यान तर काय म्हणशीत?"

"नको."

"शाबास." मग तिचा हात धरून तिला मोरीजवळच्या पाण्याच्या पिंपाशी नेलं, झाकण काढलं, तिला वर उचललं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. "आणि ह्या?"

मुलीने आत बोट बुडवून पाहिलं. "खूप आहे."

"मगे हंय 'नको' कित्याक म्हणूचा? तहान लागली तर 'व्हया' म्हणूचा. शाळेत पिंपा आसत बाय. खडूचा पिंप, पाण्याचा पिंप."

"शूचंपण?"

"शूचा तर मोठा," सासूबाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघी हसलो.

मग तोच आमचा धडा झाला. पिंप की डबा? भाजीवालीकडच्या गाजरांचा ढीग, पिंप. शेजारच्या काकूंच्या ताटलीतला शेवटचा लाडू, डबा. बागेतला झोपाळा? याचा विचार करायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "डबा आहे, पण माझा नंबर आला की पिंप." मला वाटलं, क्लासवाल्यांनी आणून दाखवावं हे उत्तर. बागेतल्या झोपाळ्यासाठी मग तिने तिच्याहून मोठ्या एका मुलीला सांगितलं, "आता मला हवाय." आवाज बारीक होता, पण झोपाळा मिळाला.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी बाईंना म्हटलं, "मी बाहेर बाकावर बसते." मी समोर असले तर ती माझी मान बघणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. नवरा कामावर होता. दार अर्धवट उघडं होतं आणि मला आतलं फक्त ऐकू येत होतं.

"ठोकळे हवेत?"

"नको."

मी डोळे मिटून घेतले. ये रे माझ्या मागल्या. इतके दिवस केलेलं सगळं त्या एका शब्दात गेलं असं वाटलं.

"खडू?"

पंख्याचा आवाज. मी बाकाची कड घट्ट धरली होती. आत जाऊन तिच्या वतीने ओरडून सांगावंसं वाटत होतं की तिला लाल आवडतो.

"लाल हवाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ठोकळे मला खरंच नकोत."

बाई हसल्या. खडू कागदावर घासल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "पाणी?"

"नको. मला शूला जायचंय. आत्ता!" हे इतकं खणखणीत आलं की पॅसेजमधल्या मावशी हातातला झाडू टाकून धावल्या. मी बाकावर बसून हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईला कळेना की हिला झालंय काय. बाईंनी निघताना लाल रंगाने गच्च भरलेला कागद माझ्या हातात दिला. "जूनमध्ये भेटू," त्या म्हणाल्या.

घरी जाताना मी बाजारातून सुरमई घेतली. जून लागला की ताजी मासळी मिळायची नाही, आणि निमित्तही तसंच होतं. दुपारी नवरा अर्धी सुट्टी टाकून घरी आला. सासूबाईंनी तिखट-मीठ, कोकमाचं आगळ लावून तुकड्या तळल्या, सगळ्यांची ताटं वाढली आणि स्वतःच्या ताटात नेहमीप्रमाणे डोकं घेतलं. थाळीत मधली एक मोठी तुकडी उरली होती. मुलगी आज ऐटीत होती. "मी वाढणार," म्हणाली आणि थाळी दोन्ही हातांनी उचलून आजीपाशी गेली.

"आजी, तुला हवी? एकदाच विचारणार हं."

"नको गो बाय. माका डोका आसा. तू खा."

"बरं," मुलगी म्हणाली आणि वळली. अगदी बाईंसारखी. थाळी घेऊन ती बाबांच्या दिशेने निघाली. माझ्या ओठांवर आलं होतं, आई, घ्या ना. पण नियम मीच केला होता. सासूबाई त्या थाळीकडे बघत होत्या, आणि मला तोवर कधीच दिसलं नव्हतं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांना ती तुकडी हवी होती. परळच्या खोलीपासून हवी होती.

"थांब गो," त्या म्हणाल्या. मुलगी थांबली. सासूबाईंनी पदर सारखा केला, आमच्या कोणाकडे बघितलं नाही.

"माका व्हया."

मुलीने तुकडी त्यांच्या ताटात ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या दृष्टीने त्यात विशेष काही झालं नव्हतं. सासूबाईंनी डोकं ताटाच्या कडेला सारलं. मग सावकाश, एकेक काटा काढत, ती तुकडी त्यांनी एकटीने संपवली आणि त्यातला एक घासही कोणाला काढून दिला नाही.